परदेशीपुऱ्याची खेंच, मॉरिशसची लाट

माझा नवरा इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढला आणि तिथल्या गच्च्यांवर तो 'खेंच'वाला म्हणून प्रसिद्ध आहे. पतंगांचा पेच लागला की बाकीचे ढील देतात, मांजा सैल सोडतात. हा पठ्ठ्या सपासप ओढतो आणि समोरच्याचा पतंग कापतो. लग्नानंतर बावीस संक्रांती हुचका, म्हणजे मांजाची चकरी, माझ्या हातात. शाळेत गणित शिकवणारी बाई मी, पण गच्चीवर माझं काम एकच, बोटं सैल ठेवायची. हुचका घट्ट धरला की मांजा अडतो आणि उडवणाऱ्याचं बोट कापतं. पतंग काटला की टाळ्या त्याला. मला तिळगूळ.

त्यामुळे काईटसर्फिंगचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, त्याला बांधलेला खोलीएवढा पतंग, आणि वारा नेईल तसं पाण्यावरून पळायचं. त्यातही त्याला हवी होती मॉरिशसची लाट, पाण्याखालच्या प्रवाळाच्या रीफवर फुटणारी. इंदूरला समुद्र नाही, ही गोष्ट त्याला अडचण वाटतच नव्हती. रोज सकाळी पोह्यांबरोबर त्या लाटेचे व्हिडिओ.

"तू पण चल ना," तो म्हणाला. "मी अकेला जाके क्या करूंगा?"

मी गेले. दोन सुट्ट्या तमिळनाडूच्या उथळ पाण्यात शिकलो. एरवी रविवारी इंदूरलाच, लालबागेच्या मैदानावर सरावाचा छोटा पतंग उडवायचो. फिरायला आलेली मंडळी थांबून बघत.

"भिया, पतंग है के तंबू?" एका काकांनी विचारलं.

"पतंगच आहे काकाजी, जरा खात्यापित्या घरचा आहे," नवरा म्हणाला.

घोळ वेगळाच होता. हा पतंग एका दांडीने सांभाळायचा. दांडी ओढली की जोर वाढतो, सोडली की पतंग मवाळ होतो. म्हणून वाऱ्याचा झोत आला की सोडायची. माझी बोटं आपोआप सैल पडत. नवऱ्याला मात्र झोत आला की पेच लागल्यासारखं वाटे आणि तो खेंचायचा. मग पतंग त्यालाच उचलून आपटायचा. लालबागेची बरीच माती त्याने खाल्ली.

"अरे, सोड ना!" मी ओरडे.

"सोडतोच आहे यार," माती थुंकत तो म्हणे.

शेवटी सहा दिवसांसाठी मॉरिशसला पोचलो. किनाऱ्याजवळ पाणी शांत, लांबवर रीफची पांढरी रेघ. तिथला शिकवणारा हिंदी बोलणारा, शांत माणूस होता. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की लाटेखाली प्रवाळ सुरीसारखं धारदार आहे, झोतात दांडी ओढणारा त्यावरून फरफटत जाईल. पाच दिवस तुम्हाला रीफच्या आतल्या शांत पाण्यात बघेन, मग सहाव्या दिवशी कोणाला रीफवर न्यायचं ते ठरवेन.

पाचव्या दुपारी मोठा झोत आला. मी दांडी सोडली. नवऱ्याने खेंचली, हवेत एक कोलांटी खाल्ली आणि धप्पकन पाण्यात पडला.

"मॅडम जाएँगी," शिकवणारा म्हणाला. "सर नहीं."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. मग नवऱ्याचा उतरलेला चेहरा दिसला. रात्री जेवताना मी म्हटलं, "मी नाही जात. तुझी लाट आहे ती."

"पागल आहेस का?" तो चिडला. "इतक्या दूर येऊन दोघांनी पण किनाऱ्यावर शेव खात बसायचं? चुपचाप जा."

सकाळी त्यानेच माझा पट्टा आवळून दिला. शिकवणाऱ्याच्या मागोमाग मी निघाले. हिरवं पाणी संपून गडद निळं लागलं. लाटांचा आवाज इतका, की भीतीने मला आठवतील तेवढे सगळे देव आठवले. मग पाठीमागून लाट उठली, तिने मला तळहातावर घेतल्यासारखं उचललं, आणि मी तिच्या उतारावरून घसरत सुटले. दहा-बारा सेकंद असतील. मी मोठमोठ्याने हसत होते. शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर पुन्हा कोणी मला घाबरलं नसतं.

तशा तीन लाटा मिळाल्या. परतले तेव्हा नवरा गुडघाभर पाण्यात वाट बघत उभा होता.

"कशी होती?"

काही खास नव्हती, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण जीभ रेटेना.

"फार सुंदर," मी म्हटलं. "तू म्हणायचास त्याहून सुंदर."

त्याने रीफकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे. मग तिथेच पाण्यात बसकण मारून त्याने माझ्याकडे वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडून कधी काही शिकून घेतलं नव्हतं.

"मला शिकव ना यार," तो म्हणाला. "फक्त ओरडू नकोस."