गेल्या वर्षीचं पेट्रोल

आमचं गाव खैरलांजीच्या अलीकडे. त्या सकाळी खळ्यावर दादाचा चुरलेला, म्हणजे मळणी झालेला, धान कोंड्यासकट ढिगानं पडला होता आणि आभाळ भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सरकारी खरेदी केंद्रावर त्याच्या तुलाईचा, म्हणजे धान मोजून विकायचा, स्लॉट होता. ओला धान तिथे कोणी घेत नाही. पाऊस यायच्या आत तो उपणून पोत्यांत भरायचा, एवढंच काम होतं. वारा अजिबात नव्हता, म्हणून पंखा हवा. आणि पंखा सुरू होत नव्हता.

हा पंखा भावकीतल्या चार घरांचा. छोटं पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेली मोठी पाती. पाळीपाळीनं सगळे वापरतात; यंदा पहिली पाळी दादाची. हंगामात ज्याची पाळी शेवटची, त्यानं टाकी रिकामी करायची, उरलंसुरलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच पंखा ठेवून द्यायचा. हा नियम मीच घालून दिला. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे मशीनच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. गेल्या वर्षी शेवटची पाळी माझी होती. बस सुटायची वेळ झाली होती. टाकीत पेट्रोल असतानाच मी पंखा गोठ्यात तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाआड ढकलला आणि निघून गेलो.

दोन-तीनदा दोरी ओढूनही इंजिन दाद देईना, तेव्हा मी टाकीचं झाकण उघडलं. व्हार्निशसारखा उग्र वास आला. वर्षभर साठलेलं पेट्रोल आटून कार्बोरेटरच्या बारीक भोकात चिकट थर बसला असणार, हे तिथेच कळलं. पण ते सांगायचं म्हणजे पेट्रोल कोणी ठेवलं, तेही सांगावं लागलं असतं. मी झाकण लावलं आणि प्लग खराब दिसतो म्हणालो.

मग प्लग काढून घासला. एअर फिल्टर झटकला. जुन्या पेट्रोलवर नवं ओतलं. दोरी ओढून ओढून तळहाताची साल निघाली. इंजिन दोनदा खोकल्यासारखं करून पुन्हा गप्प बसलं, तेव्हा मी त्याला लाथ घातली. जणू चूक त्याचीच होती. शेवटी दादाला मी नवा प्लग आणायला खैरलांजीला पाठवलं. जुना प्लग चांगला असताना. तो कानाला गमछा गुंडाळून गाडीवर गेला आणि तासाभरानं परतला, तेव्हा थंडीनं त्याची बोटं वळत नव्हती.

वहिनी तेवढ्या वेळात सुपानं पाखडत बसली होती. एवढ्या ढिगापुढे ते सूप पाहवत नव्हतं.

"भाऊजी, मलाजखंडले डोंगर फोडता म्हणे," ती म्हणाली, "अन् येवढासा पंखा फिरत नाही तुमच्यानं?"

आजकालच्या मशीनच तशा, असं काहीतरी मी बोललो.

नव्या प्लगनंही काही झालं नाही. दादा माझ्याशेजारी उकिडवा बसला. "काहून होत नसन? तू फक्त सांग, मी खोलतो."

त्याच्या स्वरात शंकेचा लवलेश नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

"दादा, मागच्या साली टाकी मीच भरलेली ठेवलती. मले सकाळपासून माहीत आहे."

त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला. मग कोणता स्क्रू खोलायचा, एवढंच त्यानं विचारलं. कार्बोरेटरच्या वाटीत मधासारखा पिवळा गाळ निघाला. वायरची बारीक तार घालून मी भोक मोकळं केलं आणि टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या ओढीला पंखा सुरू झाला.

"सकाळीच बोलला असता तं धान पोत्यात असता," दादा म्हणाला.

अर्धा ढीगही उपणून झाला नव्हता, तोच थेंब पडायला लागले. ताडपत्री ओढली, तरी खालून पाणी शिरलंच. स्लॉट गेला.

पाऊस थांबल्यावर, दिवस कलताना, चुलतभाऊ विचारपूस करायला आला. मशीन अडून बसली, वरून पाऊस आडवा आला, असं दादानं त्याला सांगितलं.

"तू होता म्हणून अर्धा तरी वाचला," चुलतभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला.

दादा ओसरीत ओला धान हातानं पसरत होता. त्यानं वर पाहिलं नाही. मी "हौ" म्हणालो.