समुद्रगाईंसाठी सोडलेले मासे

समुद्रगाय म्हटलं की लोक शेणाचे विनोद करतात, म्हणून मी काय काम करते ते सहसा सांगतच नाही. समुद्रातलं गवत खाऊन जगणारं हे गरीब, थोराड जनावर आपल्याकडे संपत आलंय. उरलेली वाढतील का, जुन्या किनाऱ्यांवर परत कधी पोचतील, याचा अंदाज मी बदलापूरला, शिरगावच्या फ्लॅटमध्ये बसून लॅपटॉपवर बांधते.

मागच्या वर्षी एका दुपारी अंदाज सारखा शून्यावर येत होता. रडून डोळे सुजले होते, त्यात सासूबाई मागे येऊन उभ्या. "अगं, नकाशात हे हिरवं काय?"

"किनाऱ्यालगतचं गवत. येतील तुमच्या गाया तिथवर! झालं समाधान?"

कटवलं मी त्यांना, दुसरं काय! पण त्यांनी माझं 'येतील' पक्कं धरलं. सोमवारी अंबरनाथला शिवमंदिरात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "नवस बोललेय. सूनबाईच्या गाया त्या हिरव्यात पोचेस्तोवर मासे बंद." सुरमईच्या तुकडीवरून सख्ख्या भावाशी अबोला धरणारी ही बाई! मला हसू आवरेना. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा हा किस्सा सांगून मी सगळ्यांना हसवलं. आता ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

कारण पुढे माझ्या आकडेमोडीतली चूक सापडली, गणित जमलं. गाया वाढत होत्या, पण फार हळू. एका पिल्लानंतर दुसरं व्हायला वर्षं जातात. हिरव्यापर्यंत पोचायला कितीतरी दशकं लागणार होती, आणि आईंनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. स्क्रीनवरचं उत्तर बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार उघडून त्यांच्यासमोर जायची हिंमत होईना.

रविवारी त्यांनी आम्हाला सुरमई तळून वाढली आणि स्वतः वरणभात घेऊन बसल्या. नेहमीसारखंच विचारलं, "कुठवर आल्या गं?"

"आई, सोडा तो नवस. चुकलं माझं. त्या दिवशी मी वैतागून काहीतरी बोलले. तुमच्या हयातीत नाही यायच्या त्या."

भात कालवणारा त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता चांगल्या झापतील. झापायलाच हवं होतं.

"पण येतील ना?"

"बहुतेक."

"मग माझ्यामागे तू पाळ."

त्या पुन्हा भात कालवू लागल्या.  मी खाली मान घालून ताटातली सुरमई खात राहिले.