क्ले काढायचा चमचा

शाळेचं वर्ष संपलं की आमच्याकडे दोन गोष्टी उरतात. एकेकटे मोजे आणि किस्से. मोजे आम्ही एप्रिलमध्ये थैलीत भरून टाकून देतो. किस्से मात्र टाकवत नाहीत. ते दरवर्षी वाढत जातात, आणि आम्ही तिघी चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "ते आठवतं का गं?"

आमची शाळा म्हणजे मनीषनगरातल्या एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावरचे दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. चाळीस पोरं, सगळी तीन ते पाच वर्षांची. मोठ्या मॅडम शाळेच्या मालकीण, मी शिकवते आणि प्रमिला मावशी बाकी सगळं करतात. बाकी सगळं म्हणजे डबे उघडणं, नाकं पुसणं, भांडणं सोडवणं आणि मुख्य म्हणजे क्ले काढणं!

ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. क्ले म्हणजे रंगीत, तेलकट चिकणमाती. ती वाळत नाही आणि एकदा कपड्यात बसली की सोडत नाही. मग पालकांचे फोन येतात. म्हणून मोठ्या मॅडमचा नियम आहे, साडेबाराला सुट्टी व्हायच्या आत प्रत्येक पोराचे कपडे साफ. त्यासाठी मावशींकडे एक स्टीलचा चमचा आहे, कडा झिजून बोथट झालेला. तो चमचा कोणी पोह्यांसाठी घेतला तर मावशी दिवसभर बोलत नाहीत. आज सांगते ते सगळे त्या चमच्याचेच किस्से.

*

मावशींची पद्धत ठरलेली. क्ले मऊ असताना तिला हात लावायचा नाही. आधी बर्फ धरून कडक करायची, मग चमच्याच्या कडेनं उचलायची, आणि मागे राहिलेल्या तेलकट डागाला उलट्या बाजूनं भांड्याचा साबण. क्ले फारच पसरली असेल तर कपडा थैलीत घालून सरळ फ्रीजरमध्ये.

एकदा मार्चमध्ये एक बाई अॅडमिशनची चौकशी करायला आल्या. उन्हानं चेहरा लाल झालेला. मॅडम म्हणाल्या, "आधी गार पाणी घ्या, फ्रीज तिथेच आहे." बाईंनी चुकून वरचं दार उघडलं. आत बर्फाच्या ट्रेशेजारी एक इवलीशी निळी पँट, लाकडासारखी कडक.

बाईंचा हात दारावरच राहिला. त्यांनी एकदा पँटकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. तेवढ्यात मावशी आतून ओरडल्या, "घाबरू नका बाई! पोट्टं बाहेर खेळून राहिलं, नुसती पँटच आत आहे!"

अॅडमिशन झाली. पँटचा मालक सुट्टी होईपर्यंत टॉवेल गुंडाळून ऐटीत फिरत होता.

*

मोठ्या मॅडमची टसरची साडी हा दुसरा किस्सा. तो मावशी नवीन असतानाचा.

गॅदरिंगच्या दिवशी मॅडम नवी करवतकाठी साडी नेसून आल्या आणि पोरांच्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर लाल क्ले होती. आम्हाला तेव्हा कुठे काय कळत होतं! मॅडमनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता, वर वर्तमानपत्र ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. फिरवली. क्ले वितळून काठात उतरली, आणि कागद काढला तर साडीवर अर्धी बातमी!

मावशी धावत आल्या. मला वाटलं हसतील. पण त्यांनी काठ हातात घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांचं माहेर उमरेडचं, वडील हातमागावर अशाच साड्या विणायचे. "माहा बाप दिवसभर बसे तवा असा वीतभर काठ होये," त्या म्हणाल्या. "आता मागही नाही, बापही नाही."

ती साडी त्यांनी घरी नेली. चार दिवसांनी आणली तेव्हा डाग शोधावा लागत होता. मॅडमनी विचारलं, कसं केलंत? मावशी म्हणाल्या, "धाग्याच्या वाटेनं काढा लागते मॅडम. आडवं ओढलं का धागा तुटते." तेव्हापासून या खात्यात मावशींचा शब्द शेवटचा.

जाता जाता त्यांनी मॅडमना एवढं मात्र सुनावलं, "पोट्ट्यायचं समजते, तुमाले कोणं देल्ली होती क्ले?"

*

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, आमच्याकडे पोरं धोतर नेसून, लाकडी बैल ओढत येतात. त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की प्रत्येकानं क्लेचाही एक बैल करायचा. छान झाले होते. काहींना सहा पाय होते, पण छान.

अद्वय नावाचा एक गोलमटोल मुलगा आपल्याच बैलावर बसला. पांढऱ्या धोतरावर मागून सगळा पिवळा बैल! पोरगं हंबरडा फोडून रडायला लागलं. मावशींनी त्याला पालथं घातलं, बर्फ लावला, चमचा घेतला. "रडू नको राजा, धोतर पांढरंफेक करतो."

तो रडत रडत मान वळवून म्हणाला, "धोतर राहू दे मावशी, शेपटी नीट काढ!"

मावशींनी खरवडलेला एकेक तुकडा वाटीत जमा केला आणि त्याचा पुन्हा बैल करून दिला. अद्वय गप्प झाला. पलीकडे पोरीला न्यायला आलेली ओजूची आई उभी होती, ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

*

ओजूच्या आईचं नाव मला आधी माहीतच नव्हतं. आमच्याकडे सगळ्या आया पोरांच्या नावानंच ओळखल्या जातात. ओजू बोलकी पोरगी, हजेरी घेताना दुसऱ्यांचीही उत्तरं ती देऊन टाकायची.

ही एकच आई अशी होती जी मावशींना क्ले काढू द्यायची नाही. "तुमाले एवढे पोट्टे आहेत मावशी, हिचं मी पाह्यतो," म्हणायची. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फ आणि चमचा मागून घ्यायची, फाटकाजवळच्या पायरीवर बसायची आणि ओजूला मांडीत घ्यायची. ओजू फ्रॉक दोन्ही हातांनी ताणून धरायची, ते तिचं काम. आई खरवडायची आणि रागावायची, "काहून वं एवढी लावतं रोज? हालू नको, हालू नको."

सगळं निघालं की ओजू आपल्या खांद्यावर बोट ठेवायची. "इथं बी आहे."

तिथे काही नसायचं. आई खांद्यावर बर्फ ठेवायची, ओजू किंचाळायची, मग आई तिथेही चमच्यानं खरवडायची, अगदी मन लावून. मग पाठ. मग कान. शाळा रिकामी झाली तरी या दोघी पायरीवर. मावशी खिडकीतून ओरडायच्या, "चमचा देता का घरी नेता?"

जानेवारीत तापाच्या तिसऱ्या दिवशी ओजूची आई गेली. आम्हाला दुपारी कळलं. मावशी खिडकीशी उभ्या होत्या, हातात तोच चमचा, आणि त्या तो सारख्या पुसत होत्या.

*

ओजू पंधरा दिवसांनी आली. हजेरीला तिचं नाव घेतलं तर नुसती बघत राहिली. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही. शेजारची मुलगी तिच्या वतीनं "हजर मिस" म्हणायला लागली. मला प्रत्येक सकाळी ते नाव घ्यायचं जिवावर यायचं.

क्लेच्या तासाला मात्र ती हात धुवून बसायची. आणि बैल नाही, फूल नाही, हिरव्या क्लेचे गोळे घेऊन सरळ फ्रॉकवर दाबायची. अंगठ्यानं, नीट आत बसेपर्यंत. मावशी चमचा घेऊन गेल्या की फ्रॉक मुठींत गच्च धरून पळायची आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायची. तिच्यावर जबरदस्ती करायची कोणाची हिंमत होत नव्हती. ती तशीच घरी जायची.

आता तिला न्यायला वडील यायचे. कळमेश्वरच्या एका कंपनीत फिटर, पोरीसाठी दुपारची शिफ्ट मागून घेतलेली. साडेबाराला मोटरसायकलवर येणार, तिला बहिणीकडे सोडणार आणि तिथूनच कामाला. पायरीवरून उचलायचं आणि टाकीवर बसवायचं, एवढंच.

एक दिवस ते थैली घेऊन आत आले. थैलीत ओजूचे दोन फ्रॉक. गरम पाण्यात घालून ब्रशनं घासलेले, म्हणजे हिरवा रंग सगळीकडे. वरून रॉकेलचा वास.

"मॅडम, मी मशीनचं ग्रीस काढतो रोज," ते म्हणाले. "हे नाही निघत माह्याकडून. घरी बी ती एक अक्षर बोलत नाही. त्यात हे कपडे. मी कपडे घासत बसू का तिच्यापाशी बसू? तिले क्ले देऊच नका." मग म्हणाले, "तिची आई काढे. कसं काढे, मी कधी पाह्यलंच नाही. मी ड्युटीवर राहो."

मोठ्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला त्या माणसाचा एक त्रास तरी कमी करायचा होता. म्हणून त्यांनी जे मागितलं ते आम्ही लगेच केलं. ओजूची क्ले बंद!

*

कपाटाला कुलूप मीच लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. ओजूला मणी ओवायला दिले. तिनं एक मणी ओवला नाही, पण रडलीही नाही. मला वाटलं, चला, निभलं. याची आजही मला लाज वाटते.

फ्रॉक स्वच्छ राहू लागले. वडील एकदा "थँक्यू मिस" म्हणून गेले. ओजूनं डबा खाणं सोडलं.

आठवड्यानंतर सुट्टीच्या वेळी मी सहज बाहेर पाहिलं. ओजू पायरीवर बसली होती. फ्रॉक धुतलेला, इस्त्री केलेला, कुठे एक ठिपका नाही. आणि तिनं तो गुडघ्यांवर पसरून दोन्ही हातांनी ताणून धरला होता.

मी आत जाऊन खुर्चीवर बसले. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "काय झालं?" मी फाटकाकडे बोट केलं. मावशी भांडी पुसत होत्या. बाहेर काय आहे ते त्यांना बहुतेक पहिल्याच दिवशी समजलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला मावशी माझ्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"किल्ली द्या."

"मावशी, तिच्या बाबांनी सांगितलंय..."

"द्या मिस."

मी दिली. त्यांनी कपाट उघडलं, हिरव्या क्लेचा चांगला लिंबाएवढा गोळा घेतला आणि बाहेर गेल्या. ओजू पायरीवर फ्रॉक ताणून बसली होती. मावशी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. बारा वर्षं जी बाई एकेका धाग्यातून क्ले उपसत आली, तिनं तो गोळा त्या इस्त्रीच्या फ्रॉकवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. एकदा, दोनदा, पार आत बसेपर्यंत. ओजू मावशींच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

साडेबाराला मोटरसायकल आली. वडिलांनी फ्रॉक पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "मावशी, मी नाही म्हटलं होतं ना. आज परत कोणं देल्ली तिले?"

"मीच लावली," मावशी म्हणाल्या. "गाडी बंद करा. बसा इथं."

"ड्युटी आहे मावशी."

"बसा म्हणतो ना गा भाऊ."

ते बसले. मावशींनी खिडकीतून बर्फाची वाटी आणि चमचा आणून त्यांच्या हातात दिला, आणि ओजूला उचलून त्यांच्या मांडीत ठेवलं. त्यांना चमचा कसा धरायचा तेच कळेना. कंपनीतल्या सवयीनं त्यांनी तो पान्यासारखा धरला आणि थेट क्लेवर लावला.

"असं नाही बाबा," ओजू म्हणाली. "पहिले बर्फ."

मी दारात होते, मोठ्या मॅडम माझ्या मागे. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही. वडिलांनी बर्फ धरला. क्ले कडक झाली. ओजूनं फ्रॉक ताणला. मावशी वरून सांगत होत्या, "धाग्याच्या वाटेनं. सावकाश. आडवं नाही." त्यांना फार वेळ लागला. शिफ्टची वेळ कधीच निघून गेली असेल, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

शेवटचा तुकडा निघाला. त्यांनी फ्रॉकवरून हात फिरवला आणि चमचा मावशींना द्यायला वर केला.

ओजूनं आपल्या खांद्यावर बोट ठेवलं. "इथं बी आहे."

वडिलांनी वाकून पाहिलं. बोटानं चाचपून पाहिलं. "इथं तं काहीच नाही वं."

"आहे," मावशी म्हणाल्या. "नीट पाहा."

त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग पोरीकडे. मग वाटीत उरलेला बर्फाचा खडा उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.