बटणं वाचणाऱ्या सुकेशनीताई

समजा, तुमच्यासमोर आठ जीबीचं एक मेमरी कार्ड ठेवलं आहे. नखाएवढं. त्यात साधारण दीड हजार गाणी मावतात. ज्या घरासाठी हे कार्ड भरायचं आहे, ते घर परवा सकाळी ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला निघणार आहे आणि साडेपाच महिन्यांनी परतणार आहे. नवरा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, त्यांचा मुक्काम. फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि रेंज टेकाडावर चढलं तर. म्हणजे कोपीत करमणूक म्हणून जे असेल ते साउंड बॉक्समध्ये वाजणाऱ्या या कार्डात. आपसात ते गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात आणि ती भाषा तुम्हाला येत नाही. मागे अजून तिघं रांगेत उभे आहेत. भरा.

इंजिनिअरिंग शिकलेला माणूस ‘टॉप पाचशे’ नावाचं एखादं फोल्डर उचलून टाकेल आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळेल. मी तरी तेच केलं असतं. मानोऱ्याच्या सुकेशनी मनवर मात्र आधी काउंटरवरून वाकून त्या मुलीला विचारतात, “काव पोरी, तुले भुताची गोष्ट पाह्यजे का राजा-रानीची?”

पोरगी आईमागे लपते. आई म्हणते, “भुताची नको वं बाई, मंग रातच्याले बाहीर मलेच न्या लागते तिले.”

“बरं. मंग माकडाची टाकतो.”

सुकेशनीताई चाळिशी ओलांडलेल्या. माहेर इंझोरीचं. मानोऱ्यात सून म्हणून आल्या तेव्हा सासरे पुंजाजी रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे लोक टेपरेकॉर्डर आणू लागले तशा पुंजाजी कॅसेटी भरू लागले, मग सीडी आली, मग पेनड्राइव्ह, मग हे कार्ड. दुकान एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात गेलं, पण दुरुस्तीचं टेबल तेच राहिलं, सोल्डरिंगच्या डागांनी काळं पडलेलं. सोल्डरिंग त्या सासऱ्यांकडूनच शिकल्या. नवरा विनोद कारंज्याला नोकरीत. पुंजाजी आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, डोळ्यांना बारीक दिसत नाही, पण रोज सकाळी दुकानात येऊन बसतात आणि सुनेच्या प्रत्येक जोडणीवर मत देतात.

दुकानाच्या पाटीवर सात धंदे लिहिले आहेत. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, रिचार्ज, डाउनलोडिंग आणि साउंड बॉक्स दुरुस्ती. वाचणाऱ्याला वाटतं, जे मिळेल ते धरलंय. पण त्यांना विचारा, प्रत्येक धंद्याला त्यांनी काम नेमून दिलं आहे. झेरॉक्सवर गाळ्याचं भाडं निघतं. फॉर्मांवर जून-जुलै निघतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कार्डं भरणं, त्यावर वर्ष उभं राहतं. दुरुस्तीतून काहीच मिळत नाही, कारण ती फुकट आहे. कार्ड इथे भरलं असेल तर डब्बा, म्हणजे साउंड बॉक्स, फुकट दुरुस्त.

मी अधूनमधून दुकानात जाऊन बसतो. एकदा म्हणालो, “ताई, दुरुस्तीचे पैसे घेत जा की.”

“घेतले तं लोकं आनतीन का डब्बे?” त्या म्हणाल्या. “फेकून देतीन. मंग मले कसं समजंल का तिकडं काय चाललं?”

यातली खुबी कळायला मला जरा वेळ लागला. ऊसतोडीला नेतात ते साउंड बॉक्स साधे असतात. चालू-बंद करायला आणि आवाजाला एकच चकरी, आणि पुढे-मागे जायला दोन रबरी बटणं, त्यांवर पांढऱ्या रंगात बाण छापलेले. चैत्रात टोळ्या परतल्या की डब्बे दुरुस्तीला येतात. कुणाची बॅटरी फुगलेली, कुणाची चार्जिंगची पिन तुटलेली. सुकेशनीताई पेचकस हातात घेण्याआधी अंगठ्याने बटणं चाचपतात. पुढच्या बटणावरचा बाण पुसला गेला असेल, तर त्या घराला गाणी आवडली नाहीत, सारखं पुढे पुढे पळवलं. मागच्या बटणावरचा पुसला असेल, तर काहीतरी इतकं आवडलं की पुन्हा पुन्हा ऐकलं. मग त्या विचारतात, “कोनतं व?” आणि उत्तर वहीत लिहितात. गावाचं नाव, घराचं नाव, आवडलं ते, पळवलं ते.

एका वर्षी एकाच तांड्याच्या पाच डब्ब्यांवर मागचा बाण गुल होता. चौकशी केली तर कळलं, होळीला त्यांच्याच तांड्यात मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, रेकॉर्ड केली होती आणि ती चुकून कार्डात गेली होती. पुढच्या होळीला सुकेशनीताई सासऱ्यांना घेऊन, रेकॉर्डर घेऊन तांड्यातांड्यावर हजर. त्या रेकॉर्डिंगमध्ये ढोल आहे, बायका आहेत आणि चौथ्या मिनिटाला पुंजाजींचा खोकला आहे. तो काढता आला असता. त्यांनी ठेवला. “लोकं म्हनतात, बुढा आला का आता पुढचं कडवं चालू होते.”

गाण्यांचं फोल्डर नक्कल करायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांत जे चोरता येतं त्यावर धंदा टिकत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षी ते अनुभवाला आलं.

रस्त्याच्या पलीकडे अमरदीपने काचेचं दुकान थाटलं. हुशार पोरगा, शेजारच्याच तांड्यातला, यवतमाळला दोन वर्षं मोबाइल कंपनीच्या शोरूममध्ये काम केलेला. नवे फोन, कव्हर, टीव्ही, लग्नाची व्हिडिओ शूटिंग, सगळं एकाच छताखाली. कार्डं भरून देणं त्याने फोनसोबत फुकट ठेवलं. शिवाय गोरमाटी त्याची मायबोली. सुकेशनीताईंना खरी धास्ती त्याचीच होती. “मी बटनं चाचपून अंदाज लावतो,” त्या म्हणायच्या, “त्याले तं सरळ समजते बोललेलं.”

आणि फुलसिंग तिकडे गेला. फुलसिंग म्हणजे मुकादम, बावीस कोयत्यांच्या टोळीचा. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको, म्हणजे एक कोपी, एक डब्बा, एक कार्ड. पण हिशेब बाविसाचा नव्हता. बाकीचे मुकादम फुलसिंगकडे बघून ठरवतात. तो सलग दोन हंगाम पलीकडे राहिला असता तर कार्डांचं काम बंद करून नुसत्या झेरॉक्सवर बसायची वेळ आली असती. विनोदने तर सांगूनही टाकलं होतं, यंदा दसऱ्याला टोळ्या नाही आल्या तर ते दुरुस्तीचं टेबल काढ आणि दुसरं झेरॉक्स मशीन लाव.

चैत्रात, पोहरादेवीची जत्रा झाल्यावर, फुलसिंग गोणपाटाचं पोतं घेऊन दुकानात आला. पोत्यात बावीस डब्बे.

“जयभीम वयनी.”

“जय सेवालाल भाऊ. या. रस्ता चुकले का?”

फुलसिंग ओशाळून हसला. “थो अमरदीप म्हनते नवा घे. दुरुस्ती करत नाई म्हनते.”

“मंग घ्या ना नवा,” पुंजाजी खुर्चीतून म्हणाले. “कव्हर फुकट भेटंल.”

“बाबा, मारा लेक जोडे. मारा.”

कार्ड पलीकडे भरलेलं, म्हणजे नियमाप्रमाणे दुरुस्ती फुकट नव्हती. पुंजाजींनी मानेनेच ‘नको’ म्हटलं. सुकेशनीताईंनी पोतं उलटं केलं आणि डब्बे टेबलावर ओळीने मांडले. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या क्षणी राग नव्हता आला, भूक लागल्यासारखं झालं होतं. पलीकडच्या दुकानाने काय भरलं आणि कोणाला काय आवडलं, ते सगळं बावीस डब्ब्यांवर लिहिलेलं होतं आणि गिऱ्हाईकाने स्वतःच्या हाताने आणून दिलं होतं.

पहिलं कार्ड संगणकात घातलं. लेंगी लागली. ढोल, बायका, आणि चौथ्या मिनिटाला खोकला.

“मामाजी,” त्या म्हणाल्या, “तुमी अमरदीपच्या दुकानात बी खोकलून राह्यले.”

पुंजाजी इतके हसले की खरंच खोकला लागला.

अमरदीपने सुकेशनीताईंचंच आदल्या वर्षीचं एक कार्ड उचलून बावीस वेळा छापलं होतं. ते कार्ड त्यांनी एका नव्या लग्नाच्या जोडप्यासाठी भरलेलं होतं. डीजेची गाणी, लग्नाची गाणी, खट्याळ गाणी. आता तेच तीन पोरांच्या आईला गेलं, तेच पन्नाशीतल्या जोडप्याला गेलं. भाषा येणाऱ्या पोराने कुणाला काही विचारलंच नव्हतं. सुकेशनीताईंनी फुलसिंगचा अंगठा धरून ओळीतल्या पहिल्या काही डब्ब्यांच्या पुढच्या बटणांवरून फिरवला. बाण नाही. बाण नाही. रबर झिजून गुळगुळीत.

“हे पाय भाऊ. साडेपाच महिने तुमच्या टोळीनं हेच केलं.”

“अन् मी समजून राह्यलो होतो का हे लोकं ऊस तोडून राह्यले!”

डब्बे त्यांनी फुकट दुरुस्त केले. पुंजाजी दोन दिवस सुनेकडे पाठ करून बसले.

पुढचे सहा महिने काहीच घडलं नाही, आणि तेच अवघड होतं. पावसाळ्यात अमरदीपने ‘यंदा सोळा जीबी, तेही फुकट’ असा फलक लावला. पुंजाजी म्हणाले, आपणही फुकट करू. सुकेशनीताई म्हणाल्या, “फुकट केलं का लोकं घेतीन मामाजी, पन मंग सांगनार नाईत का काय आवडलं नाई. फुकटाचं कोन गाऱ्हानं करते?” त्यांनी भाव एक रुपयानेही उतरवला नाही. रात्री झोप लागायची नाही, हेही त्यांनी कबूल केलं.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी फुलसिंग आला. हातात रुमालाची पुरचुंडी, त्यात बावीस कार्डं, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. त्याने स्वतःच घरोघरी विचारून लिहून आणलं होतं. ‘पोर दोन, माकड चालते.’ ‘बुढा सोबत, भजन.’ ‘हिले रडकं गानं अजिबात नको.’

“घ्या वयनी,” तो म्हणाला. “वेगवेगळं भरा. मागच्या वर्षी बायकाइनं डोकं खाल्लं माह्यं.”

त्याच्या मागे अजून एक मुकादम उभा होता. त्यालाही कार्डंच भरायची होती. पुंजाजींनी उठून फुलसिंगसाठी स्वतः चहा सांगितला. म्हणजे दुरुस्तीचं टेबल आता हलणार नव्हतं.

इथे मी खूश होऊन पेढे आणायला निघालो होतो. सुकेशनीताईंचं लक्षच नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकवीस कार्डं भरली आणि बाविसावं हातात धरून बसल्या. धनीबाईचं. चिठ्ठी कोरी होती, कारण धनीबाई आणि तिचा नवरा हंगाम संपल्यावर तिकडेच वीटभट्टीवर थांबले होते, आता थेट कारखान्यावरच टोळीला भेटणार होते. चैत्रात त्यांचा डब्बा तेवढा परत आला होता.

आणि वहीत त्या डब्ब्यापुढे एक वेगळीच नोंद होती. बॅटरी पार फुगलेली, चकरी ढिली, म्हणजे रोज वाजला होता, भरपूर वाजला होता. पण पुढचा बाण नव्यासारखा पांढरा, मागचाही. एकवीस घरांनी जे कार्ड पळवून पळवून टाकलं, तेच कार्ड या घराने पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट न लावता, साडेपाच महिने ऐकलं होतं.

त्या उठल्या आणि सरळ रस्ता ओलांडून अमरदीपच्या दुकानात गेल्या. मी मागोमाग. भांडण होणार असं वाटून अमरदीप खुर्चीतून उठला.

“वयनी, थे लेंगीचं म्हनसान तं…”

“थे जाऊ दे. धनीबाईच्या कार्डात येगळं काय टाकलं होतं तू?”

“काईच नाई. सगळ्याइले एकच. तुमचंच होतं थे.”

“आईची शप्पथ?”

“आईची शप्पथ. काहून, काय झालं?”

तेवढं ऐकून त्या वळल्या. परत आल्या. फुलसिंग बशीत चौथा चहा ओतत होता.

“भाऊ, धनीबाईच्या घरी लहान कोनी हाय?”

“नाई. दोघंच. पोरगी होती, लगन होऊन गेली दोन वर्सं झाले.”

“मंग थे गानं ऐकते? आवडते तिले?”

फुलसिंगने विचार केला. “ऐकत नसंल वयनी. आमी गेलो तिच्या कोपीवर, का डब्बा चालूच. कोपीत कोनी नसलं तरी चालू. पोरगी गेल्यापासून नुसतं चालू ठेवते थे.”

कार्ड अजून त्यांच्या चिमटीतच होतं. बाहेर टोळीच्या ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला. फुलसिंगने हात पुढे केला.

“द्या काईबी भरून. तिले काय फरक पडते?”

“तसं नाई भाऊ,” सुकेशनीताई म्हणाल्या. “ऐकाचंच नसंल, तं चालू काहून ठेवते?”