नोव्हेंबरसमोरची फुली

कॅनडाला जायचं ठरलं तेव्हा तुमच्या आजोबांची मिल बंद पडलेली नव्हती आणि चालूही नव्हती. माग थांबले होते, भोंगा वाजत नव्हता, पण कामगारांनी रोज सकाळी आठला फाटकावर यायचं, हजेरीच्या रजिस्टरमध्ये सही करायची आणि घरी परत जायचं. याला ले-ऑफ म्हणत. जो येईल त्याचा अर्धा पगार आणि नोकरीवरचा हक्क टिकायचा. जो येणार नाही त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागायची. आजोबा टाइमकीपर होते, म्हणजे ते रजिस्टर त्यांच्या ताब्यात. बाकीचे बाबू एकेक करून स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले होते.

"चार आठवडे तुम्ही गेला नाहीत तर काय होईल?" मी विचारलं होतं.

"मॅनेजमेंटचा माणूस बसेल माझ्या जागी. तो आठ वाजून दहा मिनिटांनी आलेल्याची सही घेणार नाही. मानपूरहून येणारे आहेत आपल्यात. त्यांची बस काय माझं घड्याळ बघून सुटते?"

तेव्हा तुझा जन्म नुकताच झाला होता. (हे मी नातीला लिहिते आहे. तुझा भाऊ अजून यायचा होता, त्याने रागावू नये.) तुझ्या आईबाबांचे तिकडचे कागद पक्के झाले नव्हते. एकदा देशाबाहेर पडले तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून ते इंदूरला येऊ शकत नव्हते. जायचं तर आम्हीच.

आजोबांना घाई होती, आणि ती मला माहीत होती. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, तर काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, जेवढी नजर गेली ती परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. घरी येताना रिक्षात आजोबा एवढंच म्हणाले, "पोरीची पोरगी एकदा बघून येऊ. फोटोत सगळी बाळं सारखीच दिसतात."

मी वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, तोही इंग्रजीतून. कुठल्याही कामाला तक्ता केल्याशिवाय हात घालायचा नाही ही माझी सवय घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. आलेखाच्या कागदावर बारा महिने एकाखाली एक आणि वर पाच रकाने: तिकडची हवा, विमानातली गर्दी, जावयांची सुट्टी, युनियनने मिलवर घातलेल्या खटल्याच्या तारखा आणि आपल्याकडचं काही. जमणाऱ्या घरात बरोबरची खूण, न जमणाऱ्या घरात फुली.

"परीक्षेचं टाइमटेबल करते आहेस का?" आजोबा खांद्यावरून वाकून म्हणाले. "जानेवारी नापास, फेब्रुवारी नापास. एखादीला तरी ग्रेस मार्क देऊन वर घाल."

जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे बर्फ. मार्चमध्ये तो वितळून चिखल. जुलै उत्तम, पण जुलैत खटल्याची तारीख. सप्टेंबरात पितृपक्ष, आणि आजोबा एकुलते एक. ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी होतात म्हणे, पण जावयांना रजा नाही. एम.जी. रोडवर तेव्हा नवीन नवीन ट्रॅव्हल एजंटांची दुकानं निघत होती. एके ठिकाणी गळ्यात टाय बांधलेल्या एका तरुणाने माझा तक्ता हातात घेऊन आदराने वाचला. "आंटीजी, ऐसा चार्ट तो हमारे पास भी नहीं है," तो म्हणाला. "सीज़न तो जुलाई-अगस्त है. मगर फूल देखने हों तो मई. ट्यूलिप ही ट्यूलिप."

मे महिन्यात खटल्यालाही उन्हाळ्याची सुट्टी असे. जावई मोकळे होते, हवा सौम्य होती. पाचही रकान्यांत बरोबरची खूण फक्त मे महिन्याला मिळाली. फाटकावरच्या लोकांशी आजोबा पुढे बोलून घेणार होते. व्हिसा मात्र मी आधीच करून ठेवला. कागद तयार असलेले बरे.

आणि मग दिवाळीच्या आधी एका दुपारी आजोबा जवळजवळ पळत घरी आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "अगं, सुट्टी! मॅनेजमेंट आणि युनियनमध्ये समझोता झाला. परवापासून पंचवीस दिवस फाटक बंद. कुणी यायचं नाही, सगळ्यांची हजेरी धरणार. सगळ्यांची! रजिस्टर कुलपात."

त्यांना असं बोलताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. ते थेट एजंटाकडूनच आले होते. पुढच्या आठवड्याच्या विमानात दोन जागा होत्या, आणि त्याने संध्याकाळपर्यंत धरून ठेवल्या होत्या.

मी तक्ता काढला. नोव्हेंबरसमोर फुली होती. पानं गळून गेलेली, बर्फ अजून नाही, आभाळ सदा राखाडी, पाच वाजता अंधार. हे मी तुझ्या आईच्या पत्रातूनच उतरून घेतलं होतं.

"अहो, आयुष्यात एकदा जाणार," मी म्हटलं, "आणि एवढं लांब जाऊन अंधार बघायचा?"

"मला झाडं बघायची नाहीत. पोरगी बघायची आहे."

"ती मे महिन्यात पळून थोडीच जाणार आहे? उलट तेव्हा रांगत असेल. आत्ता पाच महिन्यांची, नुसती झोपलेली असेल. जावयांना एक दिवसाची रजा नाही. थंडीचे कपडे शिवलेले नाहीत. तुमच्या थेंबांची थंडीत काय व्यवस्था, तेही विचारलेलं नाही."

मी एकेक मुद्दा बोटावर मोजत गेले. प्रत्येक मुद्दा खरा होता. आजोबा खुर्चीत बसून ऐकत राहिले. आमच्या घरात लग्नापासून एक ठरून गेलेलं होतं: मिलचं ते बघणार, घरचं मी. बँक, गॅस, रिझर्व्हेशन, लग्नकार्याचे आहेर, सगळं माझ्याकडे, आणि माझं कधी चुकत नसे. शेवटी ते म्हणाले, "बरं. मे तर मे." आणि एजंटाला नाही कळवायला चप्पल घालून पुन्हा बाहेर गेले. फोन घरात होता. तरी चालत गेले.

ते पंचवीस दिवस त्यांनी घरात काढले. माळ्यावरचे डबे पुसले. एकदा आम्ही सराफ्यात जाऊन तुझ्यासाठी चांदीचे वाळे घेतले. डिसेंबरात फाटक उघडलं आणि ते पुन्हा रजिस्टर घेऊन बसले.

फेब्रुवारीत एका सकाळी ते म्हणाले, उजव्या डोळ्यापुढे कुणीतरी ओला टॉवेल धरल्यासारखं वाटतंय. डोळ्यातला दाब एकदम चढला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डाव्याबद्दलही मान हलवली. त्यानंतर मी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत नेऊ लागले. ओळी त्यांना दिसत नव्हत्या. माणूस समोर आला की आपला तिकीट नंबर, म्हणजे मिलमधला कामगार क्रमांक, सांगे, आजोबा पानाचा आकडा सांगत, मी पान काढी आणि बोट ठेवी, आणि तो सही करी.

"बाबूजी, कनाडा कब जा रिये हो?" एक बुजुर्ग विणकर रोज चिडवायचा. "मैडम जी के टाइमटेबल में हमारी भी छुट्टी लिखवा दो, भिया."

"तुझी सुट्टी तर चालूच आहे रे," आजोबा म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायची.

शेजारच्या भाभीजींनी सांगितलं म्हणून मी खजरान्याच्या देवळात जाऊन गणपतीच्या मागच्या भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढून आले. असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशीही ठेवला नाही, पण काढलं. एप्रिलमध्ये आजोबांना खिडकी कुठे आहे एवढंच कळू लागलं. त्याच महिन्यात फाटकावर मिल कायमची बंद झाल्याची नोटीस लागली. ती मीच त्यांना वाचून दाखवली. रजिस्टर मॅनेजमेंटचा माणूस घेऊन गेला. आता त्यांना वर्षाचे सगळे महिने मोकळे होते.

तिकिटं मे महिन्याची होती, तेव्हा मे महिन्यात आम्ही गेलो.

हवा अगदी तक्त्यात होती तशीच निघाली. ना थंडी, ना घाम. तिसऱ्या दिवशी जावयांनी रजा काढून आम्हाला ट्यूलिप बघायला नेलं. मैलभर ओळीच ओळी, लाल, पिवळ्या, जांभळ्या. मी आजोबांना सांगत चालले होते, आता लाल संपले, आता पांढरे लागले. ते "हं, हं" म्हणत होते. तुझी आई पुढे जाऊन एका झाडाकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ ती वळली नाही.

विमानतळावर तिने तुला त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी तुझे तळवे, कान, टाळू सगळं हळूहळू चाचपलं होतं. ट्यूलिप बघून आलो त्या दुपारी तू पलंगावर झोपली होतीस आणि आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. आजोबा म्हणाले, "आता नीट सांग. कशी दिसते?"

मी सांगायला लागले. मुलींना नकाशा वाचायला शिकवायची तशी, वरून खाली. कपाळ रुंद, तुमच्या आईसारखं. भुवया विरळ. नाक जावयांचं. रंग आपल्या लेकीपेक्षा उजळ. हसताना डाव्या गालाला खळी पडते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तर पत्रातही होतं."

टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणे मारता येत नसत. ते खरंच होतं, तुझ्या आईने हेच लिहिलं होतं आणि इंदूरला मीच त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं. पत्रात नव्हतं असं काही सांगावं म्हणून मी तुझ्याकडे बघत राहिले. तू समोर होतीस, उजेड भरपूर होता, आणि मला एक शब्द सुचला नाही. तेवढ्यात तू उठलीस आणि रडायला लागलीस. आजोबांनी लगेच तुझ्याकडे मान वळवली, थोडीशी चुकीच्या बाजूला, आणि तिथेच बघून हसले.