हिराची कॅसेट

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. देवापुढेही बोलले नाही. त्याला माहीत असेलच, पुन्हा कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की लाज वाटत होती. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात दिसले तर नमस्कारही करणार नाही – म्हणून तुमच्याजवळ बोलायला सुरुवात तरी करता येते आहे. शेवटपर्यंत जाईन का, ठाऊक नाही. मी विषय बदलण्यात फार हुशार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी प्राथमिक शाळेत बाई होते. आता निवृत्त. महाडात, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्यांत राहते. लग्न झालं नाही. त्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातलं एकही इथं सांगण्याजोगं नाही. लोकांनी संसार केला, मी कॅसेटी जमवल्या. हसा खुशाल, आमच्या गल्लीतही हसायचे. नाट्यसंगीत, अभंग, सिनेमाची गाणी, मार्चमध्ये तळ्यावर गर्दी जमली की स्टॉलवर मिळणारी भीमगीतं – जे हाताला लागलं ते घेतलं. सुताराकडून खास बारीक फळ्यांचं कपाट करून घेतलं होतं. प्रत्येक कॅसेटवर माझ्या अक्षरात नाव. आणि तेव्हा माणसं यायची हो माझ्याकडे! कुणाला एखादं गाणं कुठेच मिळेना की कुणीतरी सांगायचं, बाईंकडे जा, बाईंकडे असेल. असायचंच. मी कॅसेट काढून लावायची, चहा करायची, आणि माणूस डोळे मिटून ऐकत बसायचा. कॅसेट मात्र घरी नेऊ द्यायची नाही. कुणालाच नाही.

मग फोन आले. माझा भाचा दासगावला असतो. एकदा जेवायला आला आणि कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, हे सगळं यात आहे." मला इतका राग आला! म्हटलं, हे शोधून दाखव. त्यानं दाखवलं. बरं, हे शोध. तेही दाखवलं. मी खालच्या फळीवरून, मागच्या रांगेतून, जे या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही अशी माझी खात्री होती ते काढून त्याच्यासमोर धरत गेले. नुसतं बोट फिरवायचा आणि गाणं वाजायला लागायचं – माझ्यापेक्षा स्वच्छ, घरघर नाही, काही नाही. तो बिचारा कौतुकानं करत होता. मला मात्र कुणी भर चौकात पदर ओढल्यासारखं झालं.

पण एक कॅसेट मी त्याला दाखवली नाही. कारण ती त्याच्या फोनमध्ये नव्हती. कुणाच्याच नव्हती. एवढ्या कपाटात ती एकच.

आता हिराबद्दल सांगायला हवं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीत होते. एसटी पायथ्याशी सोडायची, पुढे चढण. वाडीत पुरुष थोडेच, बाकीचे मुंबईला. बाया, पोरं, म्हशी आणि मी. हिरा शाळेच्या शेजारीच राहायची. माझ्याच वयाची असेल. नवरा मुंबईत कुठल्याशा कॅन्टीनमध्ये. हळदीला, बारशाला तिच्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. कसा आवाज होता म्हणून सांगू? गोड नव्हता. जाड होता, थोडा फाटलेला, पण तो लागला की हातातलं काम थांबायचं. एका दुपारी मी माझा सेलवरचा टेप शाळेच्या ओट्यावर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि तिला गायला बसवलं. मांडीवर तिची मुलगी – वनिता. रांगणारी. मधेच पोरगी टेपच्या बटणाकडे झेपावली, हिरानं ओढून धरली, पोरगी भोकाड पसरून रडली. आणि गाणं तोडून हिरा म्हणाली, "ये गो माज्या लोण्या, रडू नको, आय हाय ना?" तेही टेप झालं. ती तिला लोण्या म्हणायची. वनिता हे नाव फक्त माझ्या हजेरीपटावर पुढे यायचं होतं.

ऐकवल्यावर हिरा तोंडाला पदर लावून हसत सुटली. "नाय वो बाई, ह्यो माजा आवाज नाय! ही कोन म्हशीवानी वरडते?"

पुढच्याच पावसाळ्यात तिला ताप आला. डोली करून खाली उतरवली, पण पोलादपूरला पोचेपर्यंत संपली होती. वनिताला तिची आत्या मुंबईला घेऊन गेली. हजेरीपटावर ती कधी आलीच नाही. माझी बदली झाली. कॅसेट माझ्याबरोबर आली.

आता पूर. महाडात राहणाऱ्याला पूर कसा तो समजावून सांगावा लागत नाही, पण तुम्ही कुठले मला ठाऊक नाही. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा माझ्या हातात एक पत्र्याची ट्रंक वरच्या मजल्यावर नेण्याइतकाच वेळ होता. माणसं कागदपत्रं घेतात, दागिने घेतात. मी ट्रंकेत कॅसेटी भरल्या. सगळ्यात आधी हिराची. पाणी उतरलं तेव्हा कपाट फुगून फुटलं होतं, उरलेल्या कॅसेटी चिखलात, गाद्या, तांदूळ, फ्रीज – सगळं फावड्यानं ओढून रस्त्यावर टाकलं. त्या दिवसांत महाडात कुणी काही विचारलं की एकच उत्तर असायचं – पुरात गेलं. दाखला? पुरात गेला. लग्नाचे फोटो? पुरात गेले. पुढे कुणी विचारत नसे. ऐकणारा मान हलवायचा आणि आपल्या वाटेला लागायचा.

हं. आलेच मी त्या जागी.

दिवाळी झाल्यावर एक दिवस वनिता आली. मी ओळखलंच नाही. तिशी उलटून गेलेली, नोकरी करणारी, मुंबईची बोली. वाडीवर गेली होती, तिथं म्हाताऱ्या बायांनी सांगितलं, तुझ्या आयचा आवाज बाईंच्या टेपात हाय. त्याच पावली ती खाली उतरली, आणि माझा पत्ता विचारत विचारत दारात उभी राहिली. आईचा एकच फोटो तिच्याकडे, त्यातही चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "बाई, ती कॅसेट मला द्या ना. दोन दिवसांत मोबाइलमध्ये उतरवून परत आणून देते. मग वाडीच्या ग्रुपवर टाकते, इंटरनेटवर टाकते, सगळ्यांना ऐकू दे माझी आई."

सगळ्यांना.

मी पलंगावर बसले होते. ट्रंक पलंगाखाली होती, चादर जमिनीपर्यंत सोडलेली. पाय मागे नेला असता तर टाच पत्र्याला लागली असती. आणि मी म्हटलं, "पुरात गेली गं."

इतकं सहज! अडखळलेही नाही. उलट भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली – हे बघ, इथपर्यंत पाणी होतं. का म्हटलं? विचार केला नव्हता, असं सांगू का? पण केला होता. तिचं बोलणं संपण्याआधीच केला होता. ती कॅसेट फोनमध्ये गेली की माझ्याकडे काय उरणार? एक म्हातारी आणि भंगार. जगात दुसऱ्या कुणाकडे नाही असं माझ्याकडे काहीतरी होतं, आणि ते मला सोडवेना. तिची आई होती ती. माझी कोण होती?

ती रडली. मग माझ्याकडे पाहून डोळे पुसले आणि माझाच हात धरला. "तुमचं तर सगळंच गेलं बाई. मी माझंच घेऊन बसले."

इथं थांबले असते तरी एक वेळ म्हणता आलं असतं की लोभी बाई आहे, वस्तूवर जीव आहे, जाऊ दे. पण निघताना उंबऱ्यावर तिनं विचारलं, "आई मला काय हाक मारायची, तुम्हाला आठवतं का? आत्याला नाही माहीत." यात कॅसेट द्यायची नव्हती. एक शब्द द्यायचा होता. तो मी त्या आवाजात शेकडो वेळा ऐकला होता. पण सांगितला असता तर तिनं आणखी विचारलं असतं – आणखी काय आठवतं, कसं म्हणायची, एवढं कसं लक्षात राहिलं? मी घाबरले. म्हटलं, "नाही गं आठवत. किती मुलं हाताखालून गेली."

ती गेली. मी दार लावलं, ट्रंक ओढली आणि हिराला ऐकलं. हेही सांगितलं पाहिजे. त्याच दिवशी, आवाज अगदी बारीक करून. "ये गो माज्या लोण्या." मला रडू आलं नाही. माझं आहे, असं वाटलं.

नंतर मात्र लावायची हिंमत होईना. शेजारच्यांच्या कानावर जाईल, कुणीतरी वनिताला सांगेल. ट्रंक पलंगाखाली पडून राहिली. पुरानंतर आमच्या भिंती कधी नीट वाळल्याच नाहीत, आणि कोकणातला दमटपणा काही ट्रंकेच्या झाकणाशी थांबत नाही. कॅसेटला हवा लागू द्यावी लागते, मधून मधून फिरवावी लागते – हे मीच लोकांना शिकवत आले. दोन-तीन पावसाळ्यांनी काढली तेव्हा टेपवर पांढरी बुरशी होती. तरी लावली. मूर्खासारखी लावली. दोन क्षण काहीतरी घरघरलं, मग टेप आत गुंतली. ओढताना तुटली. चिकटपट्टीनं जोडली, पेन्सिल घालून फिरवली, परत लावली. गाणं नाही, हिरा नाही, पोरीचं रडणंही नाही. नुसता घोगरा आवाज, हंड्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. मी ती अजून ठेवली आहे. काय म्हणून, ते मला विचारू नका.

वनिता अधूनमधून फोन करते. सणाला, माझ्या वाढदिवसाला. मध्ये एक छोटा स्पीकर पाठवून दिला, त्यात जुनी गाणी भरलेली, तुमची गेली ना म्हणून. मी वापरते.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. फोनवर किती आनंदात होती! पत्रिकेवरचं नाव ठरलंय म्हणाली, पण लाडानं काय हाक मारू ते सुचत नाही. "आईच्या बाजूचं सांगायला कुणी मोठं नाही हो बाई. तुम्हीच सांगा ना काहीतरी."

जिभेवर होतं. नुसता एक शब्द. कॅसेटचं नाव न काढता, हिराचं नाव न काढता, आपला सुचला म्हणून सांगता आला असता. तिला कळलंही नसतं आणि तिच्या घरात तो पोचला असता. मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, "सोनू म्हण. सगळेच म्हणतात."

"सोनू. छान आहे," ती म्हणाली.

परवा तिनं व्हिडिओ कॉल केला. पोरगी रांगायला लागली आहे. वनितानं मागून हाक मारली, "सोनू, आजीला बघ!" आणि पोर खुदकन हसून वळली.