तिसरी अट

साळवेबाई कुणाचं काही विसरत नसत. भिंगारच्या बाजारातल्या एका वाण्यानं त्यांना एकदा ऐकवलं होतं, "तुमच्या लोकांनी फळीच्या बाहेर उभं राहायचं." त्या दिवसापासून बाईंनी त्याच्याकडून मिठाचा खडासुद्धा घेतला नाही. सामानाला त्या लष्करी वस्तीच्या पार पलीकडच्या दुकानात चालत जात आणि येताना भरलेली पिशवी घेऊन मुद्दाम याच वाण्याच्या दारावरून येत. तो पुढेपुढे नमस्कार करायला लागला. बाई नमस्कार घ्यायच्या, हसायच्यासुद्धा, पण पिशवी दिसेल अशीच धरायच्या.

सत्तरच्या सुमाराला मी नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले तेव्हा भिंगारला त्यांच्याच शेजारची खोली मला मिळाली. त्या गणित शिकवत. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते वारले होते. आई खर्ड्याकडच्या गावी एकटी राहायची आणि अधूनमधून भाकरीचं पीठ घेऊन यायची. पहिल्याच भेटीत आईनं मला सांगून ठेवलं, "आमच्या मंगलला ल्हानपनी कुनी ढकललं तर ती रडायची न्हाई. बघून ठिवायची. तुमी जरा सांभाळून ऱ्हावा." बाई शेजारी बसून पेपर तपासत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

बाईंचं संशोधन पुण्याच्या एका सरांच्या हाताखाली चाललं होतं. शनिवारी कॉलेज सुटलं की त्या एसटीनं पुण्याला जात. विषय काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पाटीवर ठिपके काढले, ठिपक्यांमध्ये रेघा ओढल्या. "ही गावं, हे रस्ते. नगरच्या स्टँडवरून गाडी निघाली. प्रत्येक गावाला एकदा, फक्त एकदाच जायचं आणि परत नगरला यायचं. कुठल्या तऱ्हेचे रस्ते असले की अशी फेरी हमखास जमते, ते मी शोधतेय." रस्त्यांचं जाळं तीन अटी पाळत असेल तर फेरी जमतेच, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. पहिल्या दोन अटी सुटसुटीत होत्या. तिसरी लांबलचक, वाचताना दम लागेल अशी.

सरांना ती तिसरी अट खुपायची. "ही काढून टाका, प्रमेय देखणं होईल," ते म्हणायचे. बाई म्हणायच्या, "सर, ती काढली तर सिद्धता कोसळते." सर हसायचे. मग काही महिने त्यांनी बाईंना भेटच दिली नाही. आणि एके दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात नवं नियतकालिक आलं. त्यात ते प्रमेय होतं. तिसरी अट गाळलेली, सिद्धतेत तिच्या जागी "हे उघडच आहे" असे शब्द, आणि वर एकट्या सरांचं नाव. शेवटी बारीक टायपात आभार होते: मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून दिल्याबद्दल कुमारी साळवे यांचे.

मला वाटलं होतं बाई संतापतील. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, नियतकालिक जागेवर ठेवलं आणि तासाला गेल्या. संध्याकाळी स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाल्या, "त्यांनी माझं तसंच्या तसं चोरलं असतं ना, तर मला काही करता आलं नसतं. कुणी विश्वास ठेवला नसता. पण त्यांनी ते सुधारलं."

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. सरांच्या दोन्ही अटी पाळणारं, तरीही फेरी न जमणारं एक जाळं शोधायचं. असं एक जाळं सापडलं की ते देखणं प्रमेय संपलं. टँकरच्या रांगेत हंडा ठेवून त्या मातीत काटकीनं ठिपके काढत. रविवारी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना त्यांचं बोट मांडीवर फिरत असायचं. त्यांना शिणवटा येत नसे. राग इतका निगुतीनं सांभाळलेला मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. आणि जवळजवळ वर्षानं, दुष्काळ ऐन भरात असताना, एका सकाळी चहा गाळून त्या मला म्हणाल्या, "सापडलं."

"आता सरांना पत्र लिहा," मी म्हटलं. "त्यांना चूक मागे घेऊ द्या. शोभेल तुम्हाला."

"त्यांनी छापण्याआधी मला लिहिलं होतं?"

"मग नियतकालिकाला कळवा."

"ते कोण वाचतं? मला सरांचा चेहरा बघायचाय."

संधी चालून आली. त्या हिवाळ्यात गणिताच्या प्राध्यापकांचं संमेलन आमच्याच कॉलेजात भरलं. पाहुण्यांना आंघोळीला एकेक बादली पाणी मिळायचं, पण माणसं आली. अध्यक्ष आमचे पुण्याचे सर. बाईंनी निबंधाचं नाव दिलं होतं 'फेऱ्यांविषयी एक टीप'. सरांनीच प्रेमानं त्यांची ओळख करून दिली, "माझी जुनी विद्यार्थिनी."

बाईंनी फळ्यावर पांढऱ्या खडूनं जाळं काढलं, मुद्दाम गुंतागुंतीचं. सरांच्या दोन्ही अटी ते कसं पाळतं ते नीट दाखवलं. मग खडू पुढे केला. "सरांच्या प्रमेयाप्रमाणे इथे फेरी असायलाच हवी. मला सापडत नाही. सरांनी दाखवावी."

सर उठले. पहिल्यांदा हसत हसत रेघा गिरवल्या. एक गाव राहिलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा एक राहिलं. बाई पहिल्या बाकावर जाऊन हाताची घडी घालून बसल्या होत्या. सरांच्या काळ्या कोटाच्या बाह्या पांढऱ्या झाल्या, मानेवर घाम आला. बाई दोन वाक्यांत त्यांची सुटका करू शकल्या असत्या. त्यांनी केली नाही. सरांनी अखेर खडू खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हाच त्या उठल्या. लाल आणि निळा खडू घेऊन त्यांनी एक एक ठिपका रंगवला. प्रत्येक रस्ता लाल गावातून निळ्या गावात जात होता. "लाल, निळं, लाल, निळं, अशीच गाडी जाणार. फेरी पुरी व्हायची तर दोन्ही सारखी हवीत. निळं गाव एक जास्त आहे. हे उघडच आहे, सर."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सर प्रकृतीचं कारण सांगून दुपारीच निघून गेले. बाईंनी त्या दिवशी मला बाजारातून जिलेबी आणून खाऊ घातली. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक तरुण उभा होता. गर्जे त्याचं नाव, पाथर्डीकडचा, आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. तो त्याच सरांचा विद्यार्थी होता आणि त्याचा सगळा प्रबंध त्या प्रमेयावर उभा होता. काल तो मागच्या बाकावर बसलेला होता. बाईंनी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही.

"बाई, तुमी सरांचं केलं ते बरोबरच केलं," तो म्हणाला. "पन माझं काय?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. मग घाईनं म्हणाल्या, "तिसरी अट घाल. तुझं बरंचसं काम टिकेल. मी बसते तुझ्याबरोबर."

"ती अट घातली की तुमचं नाव घालावं लागतं. मग सर प्रबंधावर सही करतील व्हय?"

तो चहा न घेता गेला. बाईंनी नंतर त्याच्यासाठी दुसरा मार्गदर्शक मिळतो का ते पाहिलं, ओळखीच्या सगळ्यांना गाठलं. सरांना सोडून येणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी हात लावेना. पुढच्या वर्षी कळलं की तो पाथर्डीजवळच्या एका हायस्कूलात लागलाय. बाई मला घेऊन त्याला भेटायला गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात त्यानं आम्हाला बसवलं, मुलाकडून पाणी मागवलं, अगदी अदबीनं बोलला. गणिताचा विषय बाईंनी काढला तेव्हा म्हणाला, "सोडलं बाई. पोरांना त्रैराशिक शिकवतो. त्येबी लागतंच की." परतीच्या गाडीत बाई करंजीचा घाट ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तो चांगला होता. माझ्याहून चांगला."

त्या वर्षाअखेर बाईंना नागपूरकडे नोकरी लागली. नगरच्या स्टँडवर मी पोचवायला गेले. ट्रंक टपावर चढली, बाई खिडकीशी बसल्या. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं, "बाई, पुन्हा तशीच वेळ आली तर कराल?"

"करीन," त्या म्हणाल्या. जराही थांबल्या नाहीत. मग खिडकीच्या गजाला धरून थोडा विचार केला. "पण आदल्या दिवशी गर्जेला घरी बोलावून सगळं सांगेन."

"आणि सरांना?"

"त्यांना नाही," बाई म्हणाल्या. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी सुटली.